आबारावांनी भाडेकरू बसवले

आबारावांनी फक्त एवढंच ठरवलं होतं, की भाडेकरू निवडायला बायकोला सोबत न्यायचं नाही. मोठाले घोटाळे होतात ते असल्याच बारक्या ठरवण्यातून. ठरवलं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाकडं तीर्थपुरीच्या स्टँडवर, चहा बशीत ओतता ओतता. आणि दसऱ्याच्या आत त्याचा वास अर्ध्या एमआयडीसीत सुटला. (वास म्हणजे खराखुरा वास. तो जागेवर येईल. तोवर नाकाला पदर लावायची गरज नाही.)

आबाराव म्हणजे साठ मेंढरांचे धनी. बापजाद्यांपासून कळपामागं चालत आलेलं घर. पण गुडघे कामातून गेले, पोरांपैकी एकही मेंढरांमागं फिरायला राजी होईना, तेव्हा कळप विकला. विकला त्या दिवशी माणूस दिवस मावळेपर्यंत ओसरीवर काठी धरून बसून होता. वळायला समोर काहीच नव्हतं. एक कोंबडी आली, तिलाच त्यांनी तीनदा वळवलं.

त्या ओसरीची त्यांनी धास्ती घेतली. कामातून गेलेली म्हातारी माणसं गावात अशीच बसतात, आणि येणारा-जाणारा विचारतो, "काय आबा, बसला का?" बसलेल्या माणसाला 'बसला का' विचारायला लागले, की समजावं, आपली गिनती आता खाटेबरोबर व्हायला लागली. म्हणून कळपाच्या पैशात त्यांनी जालन्याला एमआयडीसीच्या मागं प्लॉट घेतला आणि एका ओळीत चार खोल्या बांधल्या. टोकाला स्वतःसाठी एक बारकी. पाच कुलपांच्या पाच किल्ल्या त्यांनी करदोड्याला बांधल्या. चालताना त्या वाजायला लागल्या तसा माणूस पुन्हा ताठ झाला. पुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यातली घंटाच जशी.

गोपिकाबाईंना हा सौदा मुळातच पटला नव्हता. "मेंढी तिची ती चरती," त्या म्हणाल्या. "खोलीला रंग लागतो, नळ लागतो, लाईट लागती, आन् वरून माणसं लागतेत. माणसं वळायची तुम्हाला सवय न्हाई."

"साठ मेंढरं वळली म्या."

"मेंढरू उलटं बोलत न्हाई. तुम्हाला वाटतं तुम्ही वळून राह्यले. ते आपलं पाल्याकडं जात असतं."

शेवटी त्यांनी मुदत दिली. दसऱ्यापर्यंत चारी खोल्या भरल्या आणि भाडं हातात आलं, तर किल्ल्या आबारावांच्या. नाहीतर किल्ल्या गोपिकाबाईंच्या कमरेला आणि आबाराव ओसरीवर. 'ओसरीवर' हा शब्द त्यांनी मुद्दाम सावकाश उच्चारला. छत्तीस वर्षांच्या संसारात कुठं टोचलं की दुखतं हे बाईला बराबर माहीत असतं.

खोल्या बांधताना पप्पूनं सल्ला दिला होता. पप्पू म्हणजे आबारावांच्या बहिणीचा पोरगा. जालन्यात प्लॉट विकतो, डोळ्यांवर गॉगल आणि दोन्ही कानांना दोन वेगळे फोन.

"मामा, एक सांगतो. मागं संडासाची टाकी मोठी घ्या. एका खोलीत तिघं-चौघं राहतेत हितं."

"जमिनीखाली कोणाला दिसून राह्यलं, पप्पू? त्याच्यावर कायला खर्चा?"

"मामा, दिसत न्हाई म्हणूनच म्हणून राह्यलो."

आबारावांनी टाकी दोघांपुरती बांधली आणि वाचलेल्या सिमेंटात खोल्यांच्या समोर एक लांबलचक, बुटका हौद बांधला. पप्पूनं विचारलं, हे काय? तर म्हणे, "पाणी प्यायला. संध्याकाळी सगळे एकदम येतील ना!" (खोल्या बांधायचं ज्यांच्या मनात असेल त्यांनी पदराला गाठ मारून ठेवावी: लोक खोली बघताना रंग बघतात, फरशी बघतात, पण राहतात ते नळावर आणि टाकीवर. तिथं कंजूषी करणाऱ्याचं नंतर काय होतं ते याच गोष्टीत कळेल. पप्पू एरवी कितीही थापाड्या असो, इथं पोरगं सोळा आणे खरं बोललं होतं.)

पप्पूनं आणखीही सांगितलं. माणूस पारखून घ्या. दोन महिन्यांचं डिपॉझिट घ्या. करार लिहून घ्या, पोलीस स्टेशनात कळवा. "आन् मामा, सगळ्यात मोठी गोष्ट, आलेला भाडेकरू टिकला पाहिजे. खोली रिकामी राह्यली की तिची भिंत तुम्हाला खाती." यातलं पहिलं आणि शेवटचं आबारावांच्या डोक्यात राहिलं. मधलं सगळं पप्पूच्या दुसऱ्या फोननं खाल्लं.

पारखायचं म्हटल्यावर आबाराव तयारच होते. आयुष्यभर दुसरं केलं काय? भिंतीवर गेरूनं 'खोल्या आहेत' लिहिलं आणि काठी घेऊन बसले. पहिलं जोडपं आलं ते भारत आणि तृप्ती. भारत बियाण्यांच्या कंपनीत पॅकिंगला, तृप्ती घरी. नवीन संसार, मोटारसायकलवर मधोमध गॅसची शेगडी.

आबारावांनी भारतकडे बघितलं. मग त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"जरा चालून दाखव."

भारत चालला.

"वापस ये. हं. मागचा... म्हणजे डावा पाय जरा घासत टाकून राह्यला तू."

"काका, चप्पल तुटलीय."

"बरं बरं. तोंड उघड."

भारतनं तोंड उघडलं. तृप्ती बघत होती. "काका, तुम्ही डॉक्टर होते का?"

"न्हाई पोरी. पण आपला अंदाज चुकत न्हाई. चांगला हाय. धष्टपुष्ट नसला तरी निरोगी हाय. कुठून घेतला?"

"वडिलांनी बघितला," तृप्ती म्हणाली.

"बापाची नजर चांगली हाय," आबाराव म्हणाले, आणि पहिली किल्ली करदोड्याची सोडली.

याच पद्धतीनं दोन दिवसांत बाकीच्या तीन खोल्या भरल्या. एकाला फक्त नाकारलं. नोकरी चांगली, घर बदनापूरकडचं, डिपॉझिट आपणहून काढून दाखवत होता. पण बोलता बोलता दोनदा खोकला. "एक ठसकला की रातीतून बाकीचे ठसकतेत," असं म्हणून आबारावांनी त्याला हौदाच्या बाहेर काढला.

आता यातला खरा घोटाळा काय, तो ऐका. भारत-तृप्तीचं सामान टेम्पोतून उतरलं. सहा वाजले असतील. कपाट, कुकर, देवाचा फोटो, आणि दोघं दमून उंबऱ्यावर टेकले. ते दृश्य आबारावांच्या ओळखीचं होतं. दमलेली माणसं, दुसऱ्याची जागा, दिवस मावळतीला! असं आपण किती वेळा कुणाकुणाच्या वावरात उतरलो! कळप वावरात बसवला की शेताचा मालक यायचा, चहाची किटली आणायचा, गूळ आणायचा, आणि रात्रीच्या हिशेबानं पायलीनं ज्वारी मोजून द्यायचा. जो येऊन बसतो त्याला जागेच्या धन्यानं द्यायचं, हीच रीत आबारावांनी जन्मापासून पाहिली. उलटं कधी पाहिलं नव्हतं.

त्यात मालकही तऱ्हेतऱ्हेचे. एक होता, नाव धर्मराज. वावर विहिरीचं, पण पायली भरताना आतल्या बाजूनं अंगठा घालायचा. अंगठ्याएवढी ज्वारी रोज कमी. सोळा वर्षांच्या आबारावांनी तो अंगठा बघितला, आणि घोंगडीत तोंड घालून शपथ घेतली, की देवानं आपल्याला कधी मालक केलं, तर आपल्या जागेत बसणाऱ्याला शीग लावून, पायलीच्या वर ढीग येईस्तोवर देईन. अंगठा बाहेर ठेवून.

आता देवानं मालक केलं होतं. आबाराव खोलीत गेले, गावाहून स्वतःसाठी आणलेलं घरच्या शेतातल्या ज्वारीचं पोतं सोडलं, आणि तृप्तीच्या परातीत शीग लावून दोन पायल्या ओतल्या.

"काका, हे काय?"

"तुमचं."

"कशाचं?"

"आता बसले न्हाई का तुम्ही!"

भारतनं बायकोकडं बघितलं, बायकोनं परातीकडं बघितलं. "ऑफर असंल," भारत हळूच म्हणाला. (आजकालच्या पोरांना फुकट मिळालेल्या कुठल्याही गोष्टीला आभाराऐवजी हाच एक शब्द सुचतो.)

डिपॉझिट? भारत स्वतः म्हणाला, काका, डिपॉझिट किती? आबारावांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. वावरात मेंढरं बसवायला आलेल्या माणसाकडून आधी काही ठेवून घेणारा मालक त्यांनी तरी पाहिला नव्हता. धर्मराजसुद्धा इतका खाली उतरला नव्हता.

आठ दिवसांत गल्लीभर झालं, की मागच्या खोल्यांचा मालक भाडेकरूंना ज्वारी देतो. दर रविवारी सकाळी चारी खोल्यांची माणसं पिशव्या घेऊन आबारावांच्या दाराशी. मग पलीकडच्या चाळीतलीही यायला लागली. "आमची खोली दुसऱ्याची हाय, पण आमची बसायची तयारी हाय" म्हणायची. त्यांना बिचारे मालक अर्धी पायली द्यायचे. नाही म्हणणं जमत नव्हतं. पहिल्या रात्री देणारा आणि दुसऱ्या रात्री हात आखडणारा मालक म्हणजे काय चीज असते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत!

पोतं संपलं. गावाला फोन गेला.

"अगं, आजून दोन पोते पाठव टेम्पोत."

"दोन पोते? एकला माणूस खातो किती?"

"हितं लई मागणी हाय ज्वारीला."

"मागणी हाय?" गोपिकाबाईंचा आवाज मऊ झाला. "मंग दोन कामून, चार पाठवते."

आबाराव खोटं बोलले नव्हते. मागणी होतीच. (नवरे खोटं बोलत नाहीत, खऱ्याचं एक टोक तेवढं हातात देतात, दुसरं टोक बाईनं स्वतः हुडकायचं.)

बाकी राखण मात्र आबारावांनी डोळ्यांत तेल घालून केली. आपला माल दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून सगळ्या भाडेकरूंच्या मोटारसायकलींना मागच्या बाजूनं गेरूचा पट्टा ओढला. रोज सकाळी अकरा माणसं कामावर सोडायची, संध्याकाळी हौदापाशी उभं राहून जोडी-जोडीनं मोजून घ्यायची. हौदावर कुणी पाणी प्यायला येत नसे. सगळे तिथं कपडे धुवायचे. पण येत होते, एवढं बास होतं.

एका संध्याकाळी मोजले तर दहाच. पुन्हा मोजले. दहा. आबारावांनी काठी घेतली आणि सरळ सळईच्या कारखान्याचं गेट गाठलं. गेटवर कडूबा नावाचा वॉचमन.

"काय पाहिजे बाबा?"

"आमचं एक कमी हाय."

"काय कमी हाय?"

"भाडेकरू. सकाळी अकरा सोडले, धाच वापस आले."

"नाव काय त्याचं?"

नावं कोण लक्षात ठेवतं? "उंचीनं बेताचा. रंगानं तांबूस. मानेपाशी काळा. डाव्या कानाला खाच हाय."

कडूबानं रजिस्टर बंद केलं. "बाबा, माणूस हुडकून राह्यले का जनावर?"

"माणूसच. दात बघून घेतलाय मी."

तेवढ्यात आतून हेल्मेट घातलेला रामप्रसाद धावत आला. दुसऱ्या खोलीतला, बिहारकडचा, भट्टीवर कामाला. "चाचा! मेरी तो आज से सेकंड शिफ्ट है!"

आबारावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कानाची खाच तपासली. "मंग सांगून जायचं ना! चिखलात फसला का काय म्हणून जीव गेल्ता माझा."

रामप्रसादचे डोळे भरून आले. परमुलखात आपल्याला मोजणारं कुणी आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. कडूबाचेही भरून आले, पण हसून.

महिना भरला तसा भारत पाकिटात भाडं घेऊन आला. आबाराव अंगावर पाल पडल्यासारखे मागं सरकले.

"ठिव, ठिव."

"काका, भाडं आहे."

"माझ्या जागेत बसलेल्याकडून मी घेऊ? लोक काय म्हणतील?"

"काका, लोक घेतेतच."

"घेत असतील. त्यांच्या दानतीचे ते."

चारी खोल्यांचं असंच. पाकिटं आली आणि परत गेली. तृप्तीला मग घोर लागला. ज्वारी फुकट, भाडं घेत नाहीत, रोज संध्याकाळी मोजतात, गाड्यांना लाल पट्टे ओढलेत. "हे काहीतरी बळीबिळीचं हाय," ती भारतला म्हणाली. "दसऱ्याला कापतेत आपल्याला." भारत हसला, पण दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीवरचा पट्टा रॉकेलनं पुसला. आबारावांनी संध्याकाळी पुन्हा ओढला.

आणि आबाराव मनातून धास्तावलेलेच होते. खोल्या भरल्या होत्या, हे खरं. पण दसरा आला होता, आणि 'भाडं हातात' ही दुसरी अट होती. रोज सकाळी ते ठरवायचे, आज मागू. रोज अंगठ्याची आठवण यायची आणि मागणं उद्यावर जायचं. करदोड्याला आता एकच किल्ली उरली होती, स्वतःच्या खोलीची. तीही वाजायची बंद झाली होती. एकटी किल्ली कशाला आदळणार? शिवाय तीन-चार दिवसांपासून मागच्या बाजूनं कसलासा दर्प यायचा. आबाराव म्हणायचे, कारखान्याचा असंल.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गोपिकाबाई "जांबला समर्थ रामदासांच्या दर्शनाला जाते" असं शेजारणीला सांगून निघाल्या आणि जालन्याच्या बसमध्ये बसल्या. (समर्थांना काय, त्यांना सगळं समजतं.) रिक्षातून उतरल्या तर खोल्यांसमोर रांग. वीस-पंचवीस माणसं, हातात पिशव्या, एकीच्या हातात तर बारदान. गोपिकाबाईंची छाती फुगली. आपला नवरा ज्वारीचं दुकान चालवून राह्यला आणि आपल्याला पत्ताच नाही! त्यांनी रांगेतल्या शेवटच्या बाईला विचारलं.

"काय भावानं देऊन राह्यले?"

"भाव कशाचा, मावशी? फुकट हाय."

"फुकट?"

"मालक लई देवमाणूस हाय. त्याच्या जागेत कुणी राह्यलं की ज्वारी देतो. डोक्यानं जरा हलका हाय म्हणतेत, पण शीग लावतो."

गोपिकाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, खांद्यावरची पिशवी मोकळी केली आणि रांगेत उभ्या राहिल्या. पाऊण तास उभ्या राहिल्या. त्या पाऊण तासात त्यांनी आपल्या चार पोत्यांमधलं चौथं पोतं तळापर्यंत रिकामं होताना बघितलं. असा पाऊण तास ज्या बाईनं मुकाट्यानं काढला, तिच्यापुढं सगळ्या मालक लोकांनी हात टेकावेत.

नंबर आला. आबाराव खाली मान घालून पायली भरत होते. शीग हातानं सावरत होते. कपाळावर समाधान.

"कोणती खोली?"

"तुमचीच."

पायली तशीच हातात राहिली. शीग मात्र ढासळली.

"तू... जांबला गेल्ती ना?"

"देवानंच सांगितलं, आधी घरचा दानशूर बघून ये."

रांग क्षणात विरघळली. आबाराव पोत्याआड जायला लागले, पण पोतं रिकामं होतं, त्याच्याआड काय लपणार? गोपिकाबाई उंबऱ्यावर बसल्या.

"भाडं?"

"घेतलं न्हाई."

"डिपॉझिट?"

"मागितलं न्हाई."

"मंग खोल्या कायला दिल्या? हवा लागावी म्हणून?"

आबारावांनी सगळं सांगितलं. वावर, किटली, गूळ, धर्मराजचा अंगठा, घोंगडीतली शपथ. "मालक झालो तर असा होईन म्हणलं होतं," ते म्हणाले. त्या अंगठ्याची ज्वारी गोपिकाबाईंनीही दळली होती.

मग त्यांना दाराआडून तृप्ती डोकावताना दिसली.

"ये पोरी. मालकाचं भाडं द्यायचं तुझ्या मनात हाय का न्हाई?"

"मावशी, महिनाभर पाकीट घेऊन फिरून राह्यलो आम्ही! काकाच घेईनात. खरं सांगा, दसऱ्याला आमचं काही करणार तर न्हाईत ना?"

"काही न्हाई करत. ते कोंबडीसुद्धा कापत न्हाईत, नुसती वळवतेत. बरं, ह्यांचं जेवणखाण?"

"माझ्याकडंच. मी भाकरीचे डबे देते ना आता. कारखान्यात तीस डबे जातेत. काकांचा पण लावलाय. दोन वेळा, दोन-दोन भाकरी."

"फुकट?"

"न्हाई, काकांनी ऐकलंच न्हाई. म्हणले, फुकट खाणार न्हाई, बराबर पैसे घे. आगाऊ देतेत बिचारे."

"आन् एवढ्या डब्यांना ज्वारी कुठून आणती तू?"

तृप्ती जमिनीकडं बघायला लागली. आबाराव आढ्याकडं बघायला लागले. स्वतःच्याच शेतातल्या ज्वारीची भाकर माणूस महिनाभर रोख पैसे देऊन खात होता, हे त्यांना त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. उलट त्यांनी दोनदा तारीफ केली होती, की पोरी, तुझ्या भाकरीला अगदी घरची चव हाय.

गोपिकाबाई उठल्या. "एकच सांगा. शेताचा मालक आपल्याला ज्वारी कामून द्यायचा?"

"आपली मेंढरं त्याच्या वावरात बसायची म्हणून."

"बसायची म्हणून न्हाई! उठून जाताना मागं ठेवून जायची म्हणून. लेंडीखतासाठी द्यायचा. एका रातीत वावर काळं व्हायचं, दुसऱ्या साली दुप्पट पिकायचं. त्याचं मोल होतं ते. ह्या लोकांनी तुमच्या जागेत काय ठेवलं, सांगा बरं?"

आबारावांच्या डोक्यात आयुष्यात पहिल्यांदा लख्ख उजेड पडला. ते काही बोलणार, इतक्यात मागच्या बाजूनं भारत नाक धरून धावत आला.

"काका! जल्दी या! टाकी भरून वाहून राह्यली! पार हौदापस्तोर आलं!"

गोपिकाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "घ्या. ठेवलं म्हणायचं. शीग लावून ठेवलं."

पुढचं सगळं गोपिकाबाईंनी दोन तासांत उरकलं. चार पाकिटं आली, कुणीही कुरकुर केली नाही. (लक्षात ठेवा: भाडं मागायला लाज वाटत असेल तर खोल्या बांधू नका, धर्मशाळा बांधा. चांगल्या भाडेकरूला पैसे द्यायला जड जात नाही. मालक कसला हे न कळणं त्याला जड जातं.) पप्पूला बोलावून करार लिहवले, डिपॉझिट दोन हप्त्यांत ठरवलं, चारी खोल्यांच्या दुसऱ्या किल्ल्या करून घेतल्या. खोकणाऱ्या माणसाला निरोप गेला, की पाचवी खोली रिकामी होत आहे. पाचवी म्हणजे आबारावांची.

तृप्तीला त्या म्हणाल्या, "भाकरी चालू ठिव. ज्वारी मी पाठवते, पण आता मोजून आन् मोल घेऊन."

"शीग लावताल ना मावशी?"

गोपिकाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "लावते. अंगठा बाहेर ठेवून." आबारावांनी मान खाली घातली, पण मिशीतल्या मिशीत हसले.

राहता राहिल्या किल्ल्या. करदोड्याची ती एकटी किल्लीही गोपिकाबाईंनी सोडवून घेतली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. आबारावांना समोर ओसरी दिसायला लागली. खाट, कोंबडी, आणि 'बसला का'.

"मंग मी... गावाकडं?" त्यांनी विचारलं.

"बसायला? बिलकुल न्हाई. टाकी कोणी बारकी बांधली? टाकीवाला येईल तव्हा झाकण कोण उचलील? बाईनं उचलायचं? तुम्ही हितंच राहायचं. हौदाशेजारी पत्रा टाकून. मी दर रविवारी येऊन बघते."

आणि त्यांनी लोखंडी आकडा आबारावांच्या हातात दिला. टाकीचं झाकण उचलायचा, हातभर लांब. आबारावांनी तो करदोड्याला अडकवला. चालून बघितलं. वाजत होता.

खंडेनवमीला खोल्यांसमोर रांगोळी पडली. ज्याचं त्याचं हत्यार पाटावर आलं. भारतची मोटारसायकल, तृप्तीचा तवा, रामप्रसादचं हेल्मेट. गोपिकाबाईंच्या किल्ल्यांचा जुडगा हळदी-कुंकवानं मढला. दरवर्षी आबाराव आपली लोकर कापायची कातर ठेवायचे. यंदा गोपिकाबाईंनी ताट पुढं केलं. "आणा तुमचं."

आबारावांनी आकडा पाटावर ठेवला. त्याच्यावर झेंडूचं फूल पडलं. गल्लीतले, चाळीतले सगळे बघायला जमले होते. मालकाची पूजा म्हणून. कडूबा ड्युटी सोडून गेटवरून आला होता.

तेवढ्यात रामप्रसाद मागून ओरडला, "चाचा, जल्दी! फिर भर गया!"

आबारावांनी घाईघाईनं आपल्या हत्याराला नमस्कार केला. एकाच हातानं. दुसऱ्या हातानं नाक धरलेलं होतं.